पुस्तकात नसलेली जागा

“…पण गाण्यातला मूळ शब्द कोणता, एवढं तरी मान्य कराल की नाही?” फिन्ली विचारत होता. “शीड. जहाजाचं शीड. तुमच्याकडे त्याची गाडी कशी झाली?”

व्हर्डीमावशी घेवड्याच्या शेंगा सुईदोऱ्यात ओवत होती. हिवाळ्यासाठी शेंगांच्या अशा माळा करून ओसरीच्या छपराला टांगायच्या, ही त्या डोंगरातली जुनी रीत.

“इथं कुठलं रे शीड?” ती म्हणाली. “आमच्या तळ्यात बदकं पोहतात. इथली माणसं गेली ती गाडीत बसूनच गेली.”

फिन्लीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्याची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. खिडकीत फोन होता. फोन गप्प होता.

सकाळपासून त्याने विसाव्यांदा तरी तिकडे पाहिलं असेल.

फिन्ली स्कॉटलंडचा. शाळेत संगीत शिकवायचा आणि गाण्याच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचा. चुका काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. अडीचशे वर्षांपूर्वी त्याच्याकडची माणसं जहाजांत बसून अमेरिकेला आली, अपलाचियन डोंगरांत शिरली आणि येताना आपली गाणी घेऊन आली, हे त्याला तारीखवार पाठ होतं.

व्हर्डीमावशीला यातलं काही पाठ नव्हतं. ब्याऐंशी वर्षांत तिने समुद्र पाहिला नव्हता. गाणी मात्र तिला येत होती, आणि ती शिकायला लोक लांबून येत. सगळी पंचक्रोशी तिला मावशी म्हणायची, म्हणून हाही म्हणू लागला.

“मावशी, मला वेळ नाही हो.”

“ते दिसतंय. फोनला भोक पडेल अशानं.”

“बहिणीचा फोन येईल. मोरॅगचा. आई…” तो थांबला. मग एका दमात बोलून गेला. “आई हे गाणं म्हणायची. तीन वर्षांपूर्वी मी तिच्याजवळ राहायला गेलो, तर ती मधेच अडकायची. दर वेळी एकाच ठिकाणी. मी पुढची ओळ सांगायचो. ती ‘नाही’ म्हणून मान हलवायची. मी परत सांगायचो…”

“मग?”

“मग तिनं गाणंच सोडलं. चार महिने झाले. आता बोलतही नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत.”

मावशीने दोऱ्याला गाठ मारली.

“आणि त्याआधी? त्याआधी नव्हती अडकत?”

“त्याआधी…” फिन्लीने वही मिटली. “त्याआधी मी ऐकायला नव्हतो. शिकायला बाहेर, नोकरी बाहेर. गाणं मी पुस्तकातून शिकलो.”

“हं.”

“मला वाटतं, पुस्तकात ती ओळ चुकीची छापली असावी. म्हणून आई मान हलवत असेल. तुमच्याकडे खरी ओळ असणार. ती मिळाली, तिच्या कानात सांगितली, तर ती एकदा तरी…”

माणूस शिष्ट होता, पण खोटा नव्हता. त्याचा जीव खरोखर टांगणीला लागला होता.

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

“वही खाली ठेव. ते आवाज धरायचं यंत्रही ठेव. आणि खुर्ची पुढं घे… अजून. माझ्या गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे.”

त्या डोंगरात गाणं असंच द्यायचं आणि असंच घ्यायचं. शिकवणारा आणि शिकणारा समोरासमोर, गुडघ्याला गुडघा टेकून. दुसरी शाळा तिथे नाही.

फिन्ली अवघडून बसला. मावशी गाऊ लागली. आवाज चिरका होता, पण सूर जागच्या जागी पडत होता.

*गाडी दिसेना, धूळ दिसेना,*
*कड्यावर मी उभी…*

आणि ती थांबली.

आई अडकायची तीच जागा. अगदी तीच. म्हणजे ही म्हातारीसुद्धा! इतका समुद्र ओलांडून आलो, आणि हीसुद्धा विसरली!

“वारा सुटला तसा घरी आले,” त्याने घाईघाईने ओळ पुरवली.

मावशीने डोळे उघडले. मग तिने टोपलीतली एक शेंग उचलून सुईत ओवली. आणखी एक ओवली.

“मावशी… विसरलात का?”

“तुला येतंय की.”

“म्हणजे ओळ हीच आहे? वारा सुटला तसा घरी आले, चूल पेटवायची होती?”

“हीच. दुसरी कुठली असणार?”

फिन्लीचे खांदे पडले. पुस्तकात हीच ओळ होती. आईला शंभरदा सांगितली ती हीच. सात दिवसांत आईजवळ परतायचं होतं, त्यातले चार इथे पोचण्यात आणि हिला शोधण्यात गेले, आणि हातात आलं ते घरात होतं तेच.

“मग आई मान का हलवत होती?” त्याचा आवाज चढला. “ओळ बरोबर होती. मी बरोबर सांगत होतो!”

मावशीने शेंगांची टोपली जवळ ओढली.

खिडकीत फोन गप्पच होता.

“पुन्हा म्हणते,” ती म्हणाली. “तोंड उघड.”

“काय?”

“तोंड उघड म्हटलं.”

त्याने उघडलं. मावशीने टोपलीतली एक कच्ची शेंग त्याच्या दातांत आडवी धरायला दिली, लगाम द्यावा तशी.

“बोललास तर पडेल. पडू द्यायची नाही.”

चाळीस वर्षांच्या संगीतशिक्षकाने तोंडात शेंग धरली. स्पर्धेतल्या कुणी पाहिलं असतं, तर हसून लोळलं असतं. त्याला हसू आलं नाही.

*गाडी दिसेना, धूळ दिसेना,*
*कड्यावर मी उभी…*

मावशी थांबली.

आधी त्याने सवयीने मात्रा मोजल्या. चार झाल्या. आठ झाल्या. ओळ त्याच्या जिभेवर येऊन बसली होती. एक गांधीलमाशी ओसरीवरच्या माळांभोवती घोंघावत होती. खाली वळणावर कुणाची तरी गाडी गिअर बदलून निघून गेली, तिचा आवाज कमी कमी होत गेला, आणि मग ऐकू येईनासा झाला. त्याचा हिशेब चुकला. फोन अजून का वाजत नाही? मोरॅग विसरली नसेल. मग का नाही? का ती सांगायला घाबरतेय? आत्ता, या क्षणी, आई श्वास घेत असेल ना?

त्याला भयंकर एकटं वाटलं.

आणि तेव्हा मावशी पुढे म्हणाली, अगदी हळू,

*वारा सुटला तसा घरी आले,*
*चूल पेटवायची होती.*

फिन्लीच्या दातांखाली शेंगेचे दोन तुकडे झाले होते. तिचा हिरवा, तुरट रस जिभेवर उतरला. ही ओळ त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली, असं त्याला वाटलं.

तुकडे हातात घेत त्याने विचारलं, “किती थांबायचं? किती मात्रा?”

“माझी आजी थांबायची तेवढं.”

“आणि आजी किती थांबायची?”

“कधी थोडं, कधी जास्त. आजोबा खाणीत होते. त्यांना वर यायला उशीर झाला, की जास्त.”

“आणि तिला कुणी शिकवलं?”

“तिच्या आजीनं. तिलाही कुणीतरी असंच समोर बसवलं असेल. येताना तुमच्याकडच्यांची वाद्यं फुटली म्हणतात, भांडी बुडाली, पोरं वाटेत गेली… एवढं राहिलं.”

“पण हे पुस्तकात कुठंच नाही!” फिन्ली उठून उभा राहिला. “एकाही पुस्तकात नाही, मावशी. थांबण्याची खूण असते हो, लिहिता येतं ते. गावोगाव हिंडून बायकांकडून गाणी उतरवून घेतली त्या लोकांनी. एकानंही खूण केली नाही. ती माणसं समोर बसली होती आणि त्यांना वाटलं असेल, बाई…”

तो बोलता बोलता थांबला.

“काय वाटलं असेल?” मावशीने विचारलं.

“…बाई विसरली.”

तो मटकन खुर्चीवर बसला. तीन वर्षं. आई त्या जागी यायची, थांबायची, आणि हा शेजारी बसून ओळ पुरवायचा. एकदा तर त्याने हळूच टेबलावर बोटाने ताल दिला होता, वर्गातल्या मठ्ठ पोराला द्यावा तसा. आईने त्याच्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं त्याला आत्ता आठवलं, आणि आठवलं ते सोसवेना.

“मीच गप्प केलं तिला,” तो म्हणाला.

मावशीने ते नाकारलं नाही. उगीच पाठीवर हात फिरवून समजूत काढण्यातली ती नव्हती.

“ती कुणासाठी थांबत होती, मावशी? माझे वडील बोटीवर होते. ते गेले तेव्हा मी पाच वर्षांचा… त्यांच्यासाठी? की मी घर सोडून गेलो, म्हणून? सांगा ना. तुम्ही कुणासाठी थांबता?”

मावशीने नवीन दोरा घेतला आणि सुईत ओवायला लागली. तीनदा हुकला. चौथ्यांदा गेला.

फोन वाजला.

फिन्ली खुर्ची पाडून धावला. तो वायर ओढत फोन ओसरीपर्यंत घेऊन आला. मोरॅगचा आवाज ओला होता. डॉक्टर येऊन गेले. आजचा दिवस निघेल असं वाटत नाही. डोळे उघडे आहेत, ओळखतेय की नाही कळत नाही. तू वेळेवर पोचणार नाहीस रे…

“फोन तिच्या कानाशी धर,” फिन्ली म्हणाला.

“ती बोलत नाही, फिन्ली.”

“धर तू.”

तो मावशीसमोर येऊन बसला. खुर्ची पडलेलीच होती, म्हणून जमिनीवर बसला आणि आपला खांदा तिच्या गुडघ्याला टेकवला. त्याचा आवाज फुटत होता. परीक्षक म्हणून त्याने या आवाजाला दहात तीनसुद्धा दिले नसते. तो गायला.

*शीड दिसेना, डोलकाठी दिसेना,*
*काठावर मी उभी…*

आणि तो थांबला.

गांधीलमाशी कधीच निघून गेली होती. फोनमधून खरखर येत होती, आणि खरखरीच्या मागे श्वास. एक आत… बराच वेळ काही नाही… मग एक बाहेर. दुसरं काही नाही. सूर नाही, हुंकार नाही. ओळ त्याच्या ओठांवर आली. त्याने ओठ दाबून धरले. समुद्रापलीकडे त्याची आई, आणि मधे ही एवढी जागा.

श्वास आत… काही नाही…

त्याला राहवलं नाही. त्याने फोनवर तळहात दाबून धरला आणि वर मावशीकडे पाहिलं.

“मावशी,” तो कुजबुजला, “ती काहीच म्हणत नाहीये.”

मावशीचे डोळे मिटलेले होते.

“मग तू मधे कशाला बोलतोस?”