दुसऱ्यांच्या वाट्या

"पण महाराज, पाळणा म्हणायला गावातली एक बाई येईना, यात माझा काय दोष?"

विसाजी गुळवे तावातावाने विचारत होता. गावात गुळाचं एकुलतं एक दुकान त्याचं. पण ढेपेवरची मुंगीसुद्धा तो आधी झटकायचा आणि मगच जाऊ द्यायचा.

सोपानगिरी गोसावी चिंचेखाली बसून आपली झोळी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय. परवा नातीचं बारसं. व्याही येणार. आणि दहा दिवसांत बाळ बघायला कुणी उंबरा ओलांडला नाही. पोरगी भिंतीकडे तोंड करून रडते, महाराज..."

"घरात वाट्या किती?"

"माझ्या? चार."

"आणि दुसऱ्यांच्या?"

विसाजी चिंचेचा शेंडा बघू लागला.

"तेवीस..."

"चोरल्यास?"

"शिव शिव! लोकांनी आणून दिल्या. कुणी खीर, कुणी पुरण, कुणी लोणचं. मी खाल्लं. आता शेजारची वाटी रिकामी परत करू नये, ही रीत तुम्हालाही ठाऊक आहे. मी जन्मात एकही वाटी रिकामी परत केलेली नाही!"

"मग काय केलंस?"

"ठेवून घेतल्या."

गोसावी इतके हसले की हातातली सुई पडली. ती शोधायला दोघांनाही वाकावं लागलं.

"रीत तर पाळलीस बाबा. आता परत कर."

"तेवीस वाट्या भरायच्या? अख्खी ढेप जाईल!"

"मग रिकाम्या दे."

"आणि ऐन बारशाला अपशकुन करू?"

...

गोसावी उठले. शिवलेली झोळी चिंचेच्या फांदीला टांगली, तीत आपला कटोरा निजवला आणि झोका देत फाटक्या आवाजात पाळणा म्हणू लागले. एक ओळ झाली. थांबले.

"म्हण की विसाजी. पुढची तू म्हण."

"मला... मला येत नाही, महाराज."

"मलाही एवढीच येते."

झोळी नुसतीच हलत राहिली. विसाजीला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. तो नमस्कार करायचंही विसरून घराकडे निघाला.

पहिल्या वाटीत त्याने गुळाचा सुपारीएवढा खडा टाकला. ती यमुना सुतारणीची. तिने वाटी उलटी करून बुडावर कोरलेलं नाव वाचलं.

"अगंबाई! आमच्या आत्याबाईंची वाटी! त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. घरभर शोधली हो आम्ही..."

तिने वाटी छातीशी धरली. विसाजी शिव्या ऐकायच्या तयारीने उभा होता. पण तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "काका, पोर कुणासारखी दिसते?"

दहा दिवसांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या घरी खडा लिंबाएवढा झाला. सातव्या घरी तो वाटीत मावेना, म्हणून हातात द्यावा लागला. पंधराव्या घरापर्यंत ढेप संपली. आता हा माघारी फिरणार, असं सगळ्या गल्लीला वाटलं. मलाही वाटलं असतं. पण तो धावत घरी गेला आणि दुसरी ढेप फोडून घेऊन आला.

बारसं असं झालं की बायकांच्या गलक्यात बाळाचं नाव बाळालाच ऐकू गेलं नाही. पाळण्याची दोरी धरायला ओढाओढ झाली, आणि विसाजीची लेक कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विसाजी धापा टाकत चिंचेखाली आला. सदऱ्यावर हळदीचे डाग, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"महाराज, घात झाला! एकूण एक बाई भरली वाटी घेऊन आली. घरात आता दुसऱ्यांच्या एकतीस वाट्या झाल्यात! पण या खेपेला ठेवायच्या नाहीत. आजच्या आज सगळ्या भरून परत करतो. एकही ठेवणार नाही!"

गोसावी हसले.

"सगळ्या नको रे, विसाजी. येण्याजाण्याला निमित्त म्हणून कुणाची तरी एक राहू दे."