दोन बाटल्या

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

"जयदासला असं काय शिकवलंत, जे मला नाही?"

दाऊदचाचांना मी हे विचारलं तेव्हा टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक माझी, एक जयदासची.

समुद्रातून येणाऱ्या कच्च्या तेलात पाणी मिसळलेलं असतं. पाण्याच्या बारीक थेंबांवर तेलाची साय असते, म्हणून ते एकमेकांत मिळत नाहीत. औषधानं साय फुटते, थेंब जुळतात, पाणी तळाला बसतं. मोठ्या टाकीत औषध घालण्याआधी ते बाटलीत घालून बघायचं, हे चाचांचं काम. चाचा आता निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, ते या बाटल्यांवर ठरायचं होतं.

मी चाचांकडे चार वर्षं, जयदास दिवाळीनंतर आलेला. तरी चाचा त्याच्याशी हसून बोलायचे. ते मला बघवत नसे. तो चहा आणायच्या आत मी आणायचो. त्यानं काही विचारलं, की चाचांच्या आधी मीच उत्तर द्यायचो.

जयदासच्या बाटलीत तळाला स्वच्छ पाणी उतरलं होतं. माझी गढूळच.

"हरेश, चहा ओतलास काय रे त्यात?" जयदास म्हणाला, आणि टाकीकडे निघून गेला.

चाचांनी माझी बाटली उचलली.

"औषध किती घातलंस?"

"...त्याच्या दुप्पट."

"का?"

मी जयदासच्या बाटलीकडे बघितलं.

चाचा बाटली खिडकीकडे धरून बघत राहिले. मग हातानं मला बाजूला सारलं. मी उजेड अडवूनच उभा होतो.

"थोडं औषध साय फोडून मोकळं होतं," ते म्हणाले. "फार झालं, की तेच थेंबाला चिकटून बसतं. दुसऱ्या थेंबाला जवळ येऊ देत नाही."

"पण चाचा, चार वर्षं मी तुमच्यासाठी एवढं केलं... मी कुठं कमी पडलो?"

त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"कमी कुठं, पोरा... तू जास्त झालास."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांचा चहा जयदासनं नेला. मी खिडकीपासून लांब बसलो, आणि माझी बाटली धुतली.