डोंगराखालची भिक्षा

“पण आईनं हंबरडा फोडला, पाय धरले… तर? तर मागं वळून बघायचं की नाही, तेवढं सांगा.”

“आणि तू फोडलास तर?” त्याच्या गुरूंनी, केवळनाथांनी विचारलं.

तुळशीराम हसला. तपभर डोंगरावर काढलेल्या माणसाला कुणी हे विचारावं, याचंच त्याला हसू आलं.

दोघे घाटातल्या शेवटच्या वळणावर उभे होते. खाली शहर होतं. म्हणजे असणार. चहूबाजूंनी डोंगरांनी कडं धरलेलं, मधोमध कारखाने, आणि धुराला बाहेर जायला वाट नाही. वरून बघणाऱ्याला नुसतं एक मळकट झाकण दिसत होतं आणि त्यातून डोकं काढलेली धुराडी. माणसं त्या झाकणाखाली राहत होती.

तुळशीराम जन्मला तिथेच. बाप लोखंडाच्या भट्टीवर होता, तो छातीने गेला. त्याचं तेरावं उरकलं त्याच आठवड्यात पोरगा आईला न सांगता डोंगर चढला आणि मठात जाऊन बसला. चुलीपाशी एकट्या राहिलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे त्याने कधी विचारलं नाही. यालाच तो वैराग्य म्हणत असे.

आता त्याचे कान फाडायचे होते. कानात मुद्रा, म्हणजे नाथपंथाची कुंडलं, आल्या की तो पुरता नाथ होणार होता. नवं नावही त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं, अचलनाथ. गुरूने अजून सुचवलेलं नव्हतं, पण मठातल्या पोराटोरांपर्यंत ते पोचलं होतं. स्वारीला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

फक्त एक रीत राहिली होती. त्या मठात कान फाडण्याआधी आपल्याच घरच्या दारात जायचं आणि जन्म देणारीकडे भिक्षा मागायची. ‘आई’ म्हणायचं नाही, ‘माई’ म्हणायचं. उंबरा ओलांडायचा नाही. तिने पोराला ओळखावं आणि ओळखून आपल्या हाताने झोळीत घालावं, म्हणजे तिनेही त्याला सोडलं. तिने ओळखलं नाही, तर ती भिक्षा नव्हे. आणि भिक्षा नाही, तर मुद्रा नाहीत.

तुळशीरामाने कमरेची पिशवी सोडली आणि धुनीची राख तोंडाला फासली. कपाळाला, गालांना, पापण्यांना. मग पुन्हा एक हात फिरवला.

“एवढी?” केवळनाथ म्हणाले.

“गारठा आहे.”

म्हातारा घाट उतरायला लागला.

शहरात शिरले तेव्हा सकाळची पाळी सुटली होती. फाटकातून माणसं बाहेर पडत होती. त्यांची तोंडं राखाडी, भुवया राखाडी, खोकून झालं की थुंकी काळी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. झाडांच्या पानांवर थर बसला होता. वाळत घातलेली धोतरं, लुगडी, बाळाची दुपटी, सगळ्यांचा रंग एकच.

“बघ,” केवळनाथ म्हणाले, “इथं सगळेच भस्म लावून हिंडतात. तुला जोगी म्हणून ओळखणार कोण?”

तुळशीरामाला हा विनोद आवडला नाही. त्याने मान वर करून डोंगर शोधले. इथून एकही दिसत नव्हता. लहानपणी कधी दिसले होते का, तेही त्याला आठवेना.

नाल्याच्या कठड्यापाशी केवळनाथ बसले. “जा. मी इथं आहे.”

घर तेच होतं. पत्रा नवा, दार जुनं. त्याची आई, अनुसाबाई, कामगारांना भाकऱ्या करून देत असे. आताही आतून थापण्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून खोकल्याचा. तुळशीरामाने तो खोकला ओळखला. बापही असाच खोकायचा.

तो अर्धा मागे वळला. मग त्याला कान आठवले, नाव आठवलं. त्याने घसा खाकरून आवाज जाडा केला.

“अलख निरंजन! माई, भिक्षा…”

थापणं थांबलं.

अनुसाबाई दारात आली. पार वाळून गेली होती. धुराने डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याने नजर उंबऱ्यावर लावली.

“थांबा, महाराज,” ती म्हणाली. “शिळी नको. ताजी टाकते.”

आणि आत गेली.

पुन्हा थापण्याचा आवाज. तव्यावर पाण्याचा हात फिरल्याची चुर्र. ही भाकरी भाजायला इतका वेळ का लागतोय, हे त्याला कळेना. त्याच्या मानेवरून घाम ओघळला आणि राखेत त्याची रेघ उमटली. ती त्याने घाईघाईने पुसली.

ती आली. फडक्यात गुंडाळलेली भाकरी तिने झोळीत अलगद ठेवली. त्याच्या हाताला तिने बोटही लागू दिलं नाही.

“लांबनं आलात?”

“जोग्याला गाव नसतं, माई.”

“डोंगरावं ऱ्हाता?”

“हो.”

“तितं हवा बरी आसंल.”

“…बरी आहे.”

“मग झालं.” तिला खोकला आला. तिने तोंडाला पदर लावला, उबळ जाईपर्यंत भिंतीला धरून राहिली. “सारकं खाली नका येऊ. हितला धूर लई वंगाळ. छाती धरतो.”

तिने दार ओढून घेतलं.

तुळशीराम गल्लीतून परतला तो जवळजवळ धावतच. तिने ओळखलं नव्हतं! हंबरडा नाही, पाय धरणं नाही, शेजारपाजार गोळा होणं नाही. साप मेला होता आणि काठीही शाबूत होती. आता राहिला प्रश्न रीतीचा. तर ओळखलं की नाही, हे तिच्या-त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

केवळनाथ कठड्यावर तसेच बसले होते. मांडीवर कापडाची पुरचुंडी होती. तीत सुरी आणि मुद्रा होत्या, हे त्याला माहीत होतं.

“दिली?”

“दिली.”

“ओळखलं तिनं?”

तुळशीरामाने झोळी खांद्यावर सारखी केली.

“ओळखलं,” तो म्हणाला. “ओळखून दिली.”

“रडली?”

“नाही.”

“आणि तू?”

“मी? मी कशाला रडतो?”

केवळनाथांनी झोळीसाठी हात पुढे केला. पहिला घास गुरूचा, हीही रीतच. त्यांनी फडकं उलगडलं. भाकरी अजून वाफाळत होती. त्यांनी ती मोडायला घेतली, आणि त्यांचा हात थांबला.

भाकरीचा पापुद्रा कडेने नखाने सोडवलेला होता. आत तेल चोळलेलं होतं, त्यावर मीठ. आणि पापुद्रा परत नीट मिटवून वर बोटाने दाबून बसवला होता.

“तुमच्याकडं भिकाऱ्याला अशी घालतात?” केवळनाथांनी विचारलं.

तुळशीराम भाकरीकडे बघत राहिला.

लहानपणी त्याला ताप यायचा. उतरला तरी तोंडाला चव नसायची, काही जायचं नाही. मग आई ऊन भाकरीचा पापुद्रा सोडवायची, आत तेल-मीठ लावायची आणि परत मिटवायची, म्हणजे बापाला दिसू नये. तेल महाग होतं. हे फक्त त्या दोघांनाच माहीत होतं.

“मी… मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “मला वाटलं, तिनं ओळखलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो.”

“खोटं बोललास,” केवळनाथ म्हणाले, “पण ते खरं निघालं.”

 तुळशीरामाच्या गालांवरची राख भिजायला लागली होती. तपभर सांभाळलेलं ते अचलपण नाल्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर वाहून चाललं होतं, आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. आईने त्याला दारात पाहिलं, तो लपतोय हे पाहिलं, आणि त्याला लपू दिलं.

“ती म्हणाली, तिथं हवा बरी असेल. म्हणाली, मग झालं. म्हणाली… खाली येऊ नका.”

केवळनाथ उठले. गुडघ्यांना हात देत, सावकाश. त्यांनी गल्लीकडे तोंड केलं, हात जोडले आणि कमरेत वाकले.

“आदेश,” ते म्हणाले.

नाथ नाथाला भेटला की हा शब्द उच्चारायचा. संसारी माणसासाठी तो वापरताना तुळशीरामाने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

भोंगा झाला. दुसऱ्या पाळीची माणसं खाली मान घालून फाटकाकडे निघाली. वरचं झाकण आणखी थोडं खाली उतरलं होतं. गल्लीतून खोकल्याचा आवाज येत होता, तो तिचा होता की दुसऱ्या कुणाचा, इथून सांगता येत नव्हतं.

“मी परत जातो,” तुळशीराम म्हणाला. “आत जातो. सांगतो, मीच आहे म्हणून. पाया पडतो.”

“जा की. एवढ्या कष्टानं तिनं सोडलं, ते परत तिच्याच पदरात टाकून ये.”

तो दोन पावलं गेला होता. तिथेच थांबला.

“मग नाही जात. चला वर. कान फाडा.”

केवळनाथांनी पुरचुंडी उचलली, तिची गाठ आणखी घट्ट मारली आणि आपल्या झोळीत तळाशी ठेवून दिली.

“जाऊ नको म्हणता, कानही फाडत नाही…” तुळशीराम मटकन कठड्यावर बसला. “मग मी करू तरी काय, महाराज?”

म्हाताऱ्याने पहिला घास मोडला नव्हता. त्याने ती अख्खी भाकरी तुळशीरामाच्या हातावर ठेवली.

“खा. गार झाली की वातड होते.”