धुक्याचा नियम

“पण मग धुक्याचं काय करू, दाजी?”

दाजी फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होते. त्यांनी आणखी एक उचलली.

ओटीवर, त्यांच्या पुढ्यात, अमोघ खातूने आपला सगळा संसार मांडला होता. जाड पुठ्ठ्यावर हाताने रंगवलेली खाडी. लाकडाची इवलीशी होडी. लाकडाचेच खडक. आणि खाडीभर पसरलेल्या करड्या चकत्या... हे धुकं.

अमोघने एकट्याने खपून कॉम्प्युटरवरचा एक खेळ केला होता. धुकं पडलेल्या खाडीतून होडी पलीकडे न्यायची, एवढंच. पडद्यावर होडीपुरतं दिसायचं, बाकी सगळं करडं. खेळ लोकांना इतका आवडला, की हा पटावर आणा म्हणून त्यांनीच हट्ट धरला. ओळख ना पाळख, कुठकुठच्या माणसांनी न बनलेल्या पटासाठी आगाऊ वर्गणी दिली. उद्या सगळं छापखान्यात जायचं होतं.

आणि पट चालत नव्हता. ज्याला खेळायला बसवावं तो नियम वाचता वाचताच जांभया देऊ लागे. ज्यांनी खेळाला जीव लावला त्यांना मेलेला पट पाठवायचा, या विचाराने अमोघची झोप उडाली होती. म्हणून तर तो गावी, म्हाताऱ्या दाजींकडे आला. लहानपणी याच ओटीवर दाजींनी त्याला बुद्धिबळ शिकवलं होतं. हात लावलेलं मोहरं चालवायचंच, हा त्यांचा कायदा. रडून उपयोग नसे.

आता इतक्या लांबून आलाच होता, तर रड सरळ सांगावी की नाही? पण नाही. धुक्याचं विचारून झालं, तरी फुशारकी मारल्याशिवाय गड्याला चैन पडत नसे.

“कॉम्प्युटर जे जे करायचा ना, दाजी, ते सगळं मी पटावर आणलंय. वारा, भरती, ओहोटी. फासा टाकायचा, तक्ता बघायचा, चकती उलटायची, परत झाकायची. माझ्या धुक्यातून कुणाला चोरून बघता येणार नाही. तशी सोयच ठेवली नाही मी.”

“बरं. खेळू.”

मांडामांड होईपर्यंत चहा निवला. दाजींनी फासा टाकला. अमोघने तक्ता पाहिला, पान उलटलं, पुन्हा मागे गेला, चकत्या उचलल्या, त्यातली एक परत ठेवली.

“हलली का रे होडी?”

“अजून नाही. आता भरतीचं बघायचं.”

“मेल्या, तोवर खरी भरती येऊन जाईल.”

अमोघ हसला खरा, पण त्याचं तोंड उतरलं.

“नियमात कुठे चूक नाही, दाजी. तरी... पडद्यावर जी भीती वाटायची, ती इथे येतच नाही.”

दाजींनी हात पुसले. करड्या चकत्या गोळा केल्या आणि खोक्यात टाकल्या. सगळ्या.

“अहो, दाजी! आता सगळंच दिसतंय की!”

दाजींनी होडीवर बोट ठेवलं. आणि डोळे मिटले.

“सांग. कुठे जाऊ?”

अमोघ पटावर वाकला.

“डावीकडे... थोडं अजून... थांबा! थांबा, खडक आहे!”

“ओरडतोस काय? बहिरा नाही मी. किती डावीकडे?”

“बोटभर. हां. आता सरळ. हळू हो, हळू...”

अमोघ गुडघ्यांवर आला होता. ते खडक त्याने स्वतःच मांडून ठेवले होते, आणि आता त्यांचीच त्याला धास्ती वाटत होती. होडी पलीकडच्या काठाला लागली तेव्हा त्याने टाळी वाजवली.

“आता तू,” दाजी म्हणाले.

अमोघने होडीवर बोट ठेवून डोळे मिटले.

“पुढे. अजून पुढे.”

बोट सरकलं.

“थांब.”

तो थांबला.

दाजी बोलेनात. माडावर कावळा ओरडला, मग तोही गप्प झाला.

म्हातारा पेंगला की काय? की गालातल्या गालात हसतोय? खडक तर नाही हलवला? बुद्धिबळात दाजींनी त्याला काय कमी चकवलं होतं!

“दाजी?”

राहवलं नाही. अमोघने एक डोळा किलकिला केला.

दाजी त्याच्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर होडीवर होती. आणि होडी नि खडक यांच्या मधे त्यांनी आपला सुरकुतलेला तळहात आडवा धरला होता. अमोघचं बोट घसरलंच, तर होडी आपटू नये म्हणून.

अमोघला स्वतःची लाज वाटली. आणि त्या म्हाताऱ्याबद्दल माया दाटून आली.

“दाजी... मी बघितलं.”

“हं.”

“उद्या छापायला द्यायचंय. खेळताना कुणी असे डोळे उघडले, तर...? त्याला काय शिक्षा लिहू?”

दाजींनी तळहात हलवला नाही.

“शिक्षा कसली? मीट परत,” ते म्हणाले. “होडी अजून मधेच आहे.”