वैजूचा फ्रॉक

"मग चूक कुठं आहे, बाई?"

प्रणीत आवटीनं तिसऱ्यांदा विचारलं. त्यानं शिवून आणलेल्या निळ्या ड्रेसची शिवण मार्थाबाई बोटांनी चाचपत राहिल्या. डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं.

मिरजेतल्या याच खोलीत, बाईंच्या शिवणवर्गात, पंधरा मुलींमध्ये एकटा मुलगा म्हणून, तो वीस वर्षांपूर्वी कात्री धरायला शिकला होता. मशीनच्या तेलाचा वास अजून तसाच होता.

पुढे त्यानं सांगलीत दुकान टाकलं. ढगळ टी-शर्ट, हुडी, सहा खिशांच्या पँटी. कॉलेजची पोरं तुटून पडायची. यंदा त्यानं अर्धं दुकान मुलींच्या ड्रेससाठी मोकळं केलं. बारा ड्रेस स्वतः बेतले, स्वतः शिवले.

"मुली घालून बघतात," तो म्हणाला. "आरशापुढं फोटो काढतात. मग उतरवून ठेवतात, आणि पोरांच्या बाजूची हुडी घेऊन जातात."

"दिसतात कशा?"

"चित्रासारख्या. मापात एका सुताचा फरक नाही. चुकलेला एक टाका दाखवा."

"नाही चुकलेला."

"मग?"

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या मापाच्या पुतळ्यावर त्यांनी ड्रेस चढवला, पाठीमागची चेन वर ओढली. कुठं सुरकुती नाही, कुठं झोळ नाही. प्रणीतची मान आपोआप ताठ झाली.

बाईंनी स्टूल पुढं सरकवलं आणि पुतळ्याला म्हणाल्या, "बस की गं. कधीची उभी आहेस."

प्रणीत हसला.

बाई हसल्या नाहीत. स्टुलावर हात ठेवून थांबून राहिल्या...

"बाई, पुतळा आहे तो."

"तू कुणासाठी शिवलायस?"

प्रणीतनं पुतळ्याकडं बघितलं.

"वैजूचा फ्रॉक आठवतो?"

वैजू म्हणजे त्याची धाकटी बहीण. त्यानं आयुष्यात शिवलेला पहिला कपडा तिचा होता. इतक्या वर्षांनीही त्याचे कान तापले.

"तो नका काढू, बाई. एक बाही वर, एक खाली. घेर तर पार वाकडा."

"घातला नाही तिनं?"

"घातला नाही कसा! दोन वर्षं अंगावरून उतरवला नाही. त्यातच सायकल शिकली. त्यातच चिंचेवर चढायची. आईनं एकदा धुवायला टाकला, तर वाळेपर्यंत दोरीखाली बसून होती."

"कापड कमी पडलं, तेव्हा पळत माझ्याकडं आला होतास. काय म्हणालास?"

"म्हणालो... वैजू लांब उड्या मारते. घेर वाढवायला कापड द्या."

बोलता बोलता तो थांबला. गल्लीतून फ्रॉक फुगवत धावणारी नऊ वर्षांची वैजू त्याला लख्ख दिसली. आता ती बेळगावात, दोन लेकरांची आई.

मग त्यानं डोळे पुसले, टेबलावरचा खडू उचलला आणि पुतळ्यापाशी गेला.

"कमरेत सोडू का थोडं? की घेर वाढवू?"

मार्थाबाईंनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

"आधी घालणारीला विचारून ये, कुठं निघालीय."