कापलेल्या पदरांचा खडक

कुसाळे पठारावर सात वाड्या आहेत आणि सातही वाड्यांच्या मधोमध एक सपाट काळा खडक आहे. खडकाच्या एका टोकाला हिवाई. देवी म्हणजे गुडघ्याएवढा शेंदूर माखलेला दगड. वर छप्पर नाही, आडोशाला एक मोठा धोंडा तेवढा. पौषी पुनवेला दुपारी सातही वाड्यांच्या बायका आपापल्या वाकळा डोक्यावर घेऊन इथे येतात. जुन्या लुगड्याधोतरांचे तुकडे थरावर थर ठेवून हातानं शिवलेली गोधडी, तिला इकडे वाकळ म्हणतात. वर्षभर शिवलेलं त्या दिवशी खडकावर पसरायचं, दुसरीचं उलटून पालटून बघायचं, टाके बारीक आहेत की ढांगा टाकल्यात ते तोंडावर सांगायचं. कौतुक हातचं राखून, दोष मात्र सढळ हातानं. पाहुणा वाकळा बघण्यात रंगून जातो. मग केव्हातरी त्याचं लक्ष बायकांकडे जातं आणि तो बुचकळ्यात पडतो. ठेवणीतली लुगडी, नव्या साड्या, आणि जिच्या तिच्या पदराचा कोपरा कापलेला.

हे काय, असं विचारलं की बायका कोंडाबाईंकडे बोट दाखवतात. ऐंशी पार केलेल्या कोंडाबाई धोंड्याला पाठ टेकून बसलेल्या असतात. विचारणाऱ्याला त्या आधी खाली बसवतात. उभ्या उभ्या ऐकायची ही गोष्ट नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मग सांगायला लागतात.

फार मागे, पठारावर गाडीवाटही नव्हती तेव्हा, खालच्या टोकाच्या वाडीत गोजरा नावाची बाई राहायची म्हणे. वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारी सात वाड्यांत कोणी नव्हती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. दुसरीच्या वाकळेवर बोट ठेवून चुकलेला टाका दाखवायची तिला भारी हौस. शेजारच्या भामाची वाकळ तिनं एकदा भर खडकावर सगळ्यांदेखत उसवायला लावली होती. तेव्हापासून भामानं तिच्याशी बोलणं टाकलं, ते तीन वर्षं.

त्या साली मार्गशीर्षात गोजराच्या लेकीला हिवताप भरला. येसू तिचं नाव, सहा वर्षांची पोर. घरात होत्या तेवढ्या वाकळा अंगावर घातल्या तरी तिचे दात वाजायचे थांबेनात. ज्या हातांच्या उबेत अर्धं पठार झोपत होतं, त्या हातांना पोटच्या पोरीची थंडी काढता येईना. काढे झाले, अंगारे झाले. शेवटी गोजरा हिवाईपुढे जाऊन नवस बोलली. सातही वाड्यांतल्या एकूण एक घरचा तुकडा घालून वाकळ शिवीन, एकही घर राहणार नाही, आणि पुनवेचा दिवस बुडायच्या आत तुझ्या अंगावर घालीन. तेवढी पोर माझी राख.

बोलून गेली खरी. पण त्या काळी कापड म्हणजे काही मागितलं आणि मिळालं अशी वस्तू नव्हती. लोक अंगावरचं पार विरेपर्यंत नेसत आणि मग त्याचीच वाकळ करत. गोजरा दारोदार हिंडली. पाटलानं जुन्या धोतराचा काठ दिला, एका म्हाताऱ्यानं पटक्याचं टोक फाडून दिलं, एका बाळंतिणीनं बाळोत्यातली पट्टी काढली. भामाचं दार तिनं शेवटाला ठेवलं होतं. तिथे ती बराच वेळ खाली मान घालून उभी राहिली. भामा बाहेर आली, तिनं एक तुकडा अंगणात टाकला आणि आत गेली. तीन वर्षांपूर्वी उसवायला लावलेल्या वाकळेचाच तो तुकडा होता, जुन्या टाक्यांची भोकं अजून तशीच होती. गोजरानं तो उचलून डोळ्यांना लावला.

वाकळ कडेपासून शिवत आत यायची असते. धावदोऱ्याच्या ओळी चौफेर फिरवत फिरवत मध्यावर यायचं आणि तिथे शेवटची गाठ मारायची. गोजरा मांडीवर पोरीचं डोकं घेऊन शिवत राहिली. पुनव उजाडली तेव्हा मधलं वीतभर शिवायचं राहिलं होतं आणि येसूनं तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. नवऱ्यानं पोरीला खांद्यावर घालून खडकावर आणलं, धोंड्याच्या आडोशाला निजवलं आणि तो माघारी गेला. तेव्हा पुनवेला पुरुष तिथे थांबत नसत.

वाकळ पसरून तिच्यावरच बसून गोजरा मधलं शिवायला लागली. भोवती बायका गोळा झाल्या आणि आपापल्या घरचा तुकडा शोधू लागल्या. हा माझ्या सासऱ्याचा पटका, ही माझ्या लेकाची बंडी, असं चाललं होतं. गोजराच्या डोळ्यांसमोर मात्र एका सुईच्या दोन दिसत होत्या. किती दिवसांचं जागरण ते. तिनं कसाबसा शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला. दिवस हातभर उरला होता.

तेवढ्यात तुळसाआत्या, खडकावरची सगळ्यांत वडीलधारी बाई, वाकळेभोवती पुन्हा एक फेरी मारून थांबली. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

“समद्यांची घरं घावली,” ती म्हणाली. “तुजं कुठाय गं?”

सगळ्या दारांत ती उभी राहिली होती. आपल्याच दारात कोण मागायला उभं राहतं? भल्याभल्यांच्या वाकळेतली चूक हुडकणाऱ्या बाईला आपली एवढी मोठी चूक दिसली नव्हती. एकही घर राहणार नाही, असं देवीला सांगितलं होतं आणि राहिलं होतं ते तिचंच. घर गाठून परत यायचं तर अंधार होणार. पुढचं काही न सुचून ती वाडीच्या दिशेनं धावायला उठली, आणि वाकळ तिच्याबरोबर उठली.

पदर खांद्यावरून कधी घसरला होता कोण जाणे. मध्यावर येऊन पडला होता आणि एवढ्या तुकड्यांत आणखी एक तुकडा समजून तिनं तोही शिवून टाकला होता. नवशिकीसुद्धा असं एकदाच करते. बायका खो खो हसल्या. इतक्या वर्षांचं उट्टं निघाल्यासारखं हसल्या. गोजरा खाली बसली आणि टाके उसवायला लागली.

तुळसाआत्यानं तिचा हात धरला. “उसवू नगंस,” ती म्हणाली. “काप.”

हसणं जागच्या जागी थांबलं. नेसतं लुगडं, तेही गोजराचं एकुलतं एक. त्यात सवाष्णीनं अंगावरचा पदर कापायचा, हे तर कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. कोणी पुढे होईना. मग घोळक्यातून भामा आली, कमरेचा विळा काढून तिनं गोजराच्या हातात दिला आणि कापताना पदर ताणून धरून उभी राहिली. दोघींनी मिळून वाकळ उचलून हिवाईच्या अंगावर घातली, तेव्हा सूर्याची कोर तेवढी डोंगरावर होती.

आडोशाला निजलेल्या येसूनं पायानं अंगावरचं पांघरूण लोटलं म्हणे.

“आई, उकडतंय.”

गोजराला ते खरं वाटेना. तिनं पोरीकडून तोच शब्द पुन्हा पुन्हा वदवून घेतला आणि भामाच्या गळ्यात पडून ती रडली.

इथवर आल्यावर कोंडाबाई थांबतात. एखादी शहरातली बाई विचारतेच, की नवी कोरी साडी कापताना जीव हळहळत नाही का. त्यावर कोंडाबाई आपला पदर पुढे करून दाखवतात. हळहळतो की, म्हणतात. न हळहळला तर कापून काय उपयोग.

आजही पठारावर बाईनं अंगावरच्या पदराचा तुकडा मध्यावर घातल्याशिवाय वाकळ पुरी झाली असं मानत नाहीत. दुसरीच्या वाकळेतला दोष आजही तोंडावर सांगतात, पण खडकावर कोणाला टाका उसवायला लावत नाहीत. दर पुनवेला एक वाकळ हिवाईच्या अंगावर घालतात, ती दुसऱ्या दिवशी उतरवतात आणि वाड्यांत जिथे कोणी तापानं पडलं असेल त्या घरी नेऊन देतात. त्या घरात मग दुखणाईताला बरं वाटतंय का, असं कोणी विचारत नाही. उशाशी बसून आजही एवढंच विचारतात, उकडतंय का?