पाटाचं शेपूट

“सगळं हिरवं आहे बाबा, मग माणसं का येत नाहीत?”

कल्पेशनं टॅब शेनपडूबाबांच्या पुढ्यात धरला.

बाबा बाभळीखाली बसून गुडघ्याला तेल चोळत होते. चाळीस वर्षं ते गावाचे पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाटानं कुणाच्या शेतात किती वेळ जायचं, ते त्यांच्या काठीनं ठरायचं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. यंदा काठी दुसऱ्याला द्यायची होती, आणि गावानं सांगून टाकलं होतं, बाबा देतील तो पाटकरी.

कल्पेशला खात्री होती की ती आपलीच. पाच वर्षं पुण्यात कंपनीची मोठमोठी कामं हाकून तो घरी परतला होता. बंधाऱ्याच्या दाराची किल्ली तर बाबांनी त्याच्याकडे कधीच सोपवली होती. काठी तेवढी हातची सोडली नव्हती.

“हिरवं म्हणजे काय रे?”

“नेमलेलं काम. हा बघा, मधला गोल पाट-सफाईचा. त्याला फांद्या फुटल्यात. माणसं, फावडी, ट्रॅक्टर, चहा. प्रत्येक फांदीला पोटफांद्या. कोण, कुठं, कधी, कशानं... एकशे अठ्ठेचाळीस कामं. एक सुटलेलं नाही.”

“चहासुद्धा?”

“साखरेसकट.”

बाबांनी मान डोलावली. “एवढं माझ्या डोक्यात मावलं नसतं. चांगलं आहे.”

“पण शुक्रवारी तीस माणसं आली. शनिवारी बारा. आज चार, त्यातला एक चहा पिऊन गेला. गुरुवारी दार उघडायचं. निम्मा पाट अजून गाळानं भरलाय. खालचा गहू पोटरीत आलाय बाबा. आता पाणी चुकलं तर ओंब्या पोकळ.”

“सुरुवात कुठून केलीस?”

“तोंडाकडून. बंधाऱ्यापासून. पाणी तिथूनच निघतं ना?”

“हं...”

बाबा पडद्यावर वाकले.

“आणि हे अधिकाचं चिन्ह?”

“त्या फांद्या मिटून ठेवल्यात. बारीकसारीक आहे. उगाच गर्दी नको.”

बाबांनी त्या चिन्हावर बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, जरा दाबून. दगडमातीत घासून त्या बोटाची पार खापरी झाली होती.

“याला माझं बोट कळत नाही. तू उघड.”

कल्पेशनं उघडलं. आत तीन नावं. सगळ्यात खाली, इंदूबाई, दीड एकर.

“गाडी काढ,” बाबा म्हणाले.

पाट जिथं संपतो तिथं इंदूबाईचं वावर. बाई विळा घेऊन बांधावर उभीच होती.

“आलास का रे कल्पेश? मला वाटलं, पाटासारखीच तुलाही इकडची वाट ठाऊक नाही.”

“असं कसं मावशी? तुमचं नाव आहे यात.”

“असेल की. लग्नाच्या पत्रिकेतही असतं माझं नाव. मी पंगतीत बसेपर्यंत बासुंदी संपलेली असते.”

बाबा खुदकन हसले. त्यांनी कल्पेशच्या हातातून टॅब घेतला आणि उलटा धरला. वरची बाजू खाली.

चित्र गर्रकन फिरलं आणि पुन्हा सरळ झालं.

त्यांनी परत उलटा केला. चित्र परत सरळ.

“लबाड आहे रे हा.”

“ते आपोआप होतं बाबा. कसंही धरलं तरी आपल्याला सरळच दिसतं.”

“तेच म्हणतो मी.”

कल्पेशनं टॅब परत घेतला. मग म्हणाला, “जे येत नाहीत त्यांना दंड लावू. एक फांदी वाढवतो.”

“वाढव.”

“वाढव रे, वाढव,” इंदूबाई म्हणाली. “पण ज्याच्या बांधापुढचा गाळ निघाला, त्याचं फावडं घरी गेलं. आता ते तुझ्या फांदीला लटकायला परत येतंय होय?”

कल्पेशचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं.

बाबा पाटात उतरले. अगदी शेवटाला, जिथं पाट इंदूबाईच्या वाफ्याला टेकतो, तिथं त्यांनी आपली काठी गाळात रोवली.

“पाणी वरून खाली येतं. मग गाळ कुठून काढायचा?”

कल्पेश काठीकडे बघत राहिला. तिथून वर, बंधाऱ्याच्या दिशेनं, नजर पोचेल तिथवर...

बाबांनी वाटेनं गावाकडं जाणारी बैलगाडी थांबवली, तिच्यात बसले आणि निघून गेले.

कल्पेश पाटाच्या काठावर मांडी घालून बसला. मधल्या गोलातले शब्द त्यानं पुसले. तिथं लिहिलं, इंदूबाई. एकशे अठ्ठेचाळीस फांद्या होत्या तिथंच राहिल्या, नुसतं बूड बदललं. मग कमरेची किल्ली सोडून बाईपुढं धरली.

“हे काय रे?”

“गुरुवारी दार तुम्ही उघडायचं, मावशी. पाट तुमच्या वाफ्यापासून वर बंधाऱ्यापर्यंत मोकळा झाला, की मगच.”

“आणि नाही झाला तर?”

“तर नाही उघडायचं.”

बाईनं किल्ली पदराच्या गाठीत बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि झोपडीतून फावडं आणून त्याच्या हातात दिलं.

पहिलं फावडं काठीजवळ पडलं. तोंड बंधाऱ्याकडं करून कल्पेश वर सरकत गेला. त्याच्या मागं घमेलं घेऊन इंदूबाई.

दुपारी वरच्या वावरातला धुडकू बांधावर येऊन उभा राहिला. “माझ्यापुढं कधी येणार?”

“चाळीस हात राहिलेत दादा. हे झालं की तुमचं.”

धुडकूनं चाळीस हात डोळ्यांनी मोजले आणि धोतर खोचून खाली उतरला.

किल्लीची गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. सोमवारी, ज्यांच्या बांधापुढचा पाट आधीच साफ झाला होता ते वरचे शेतकरीही एकेक करून यायला लागले. “दार म्हणे इंदूच्या पदरात आहे,” एकजण फणकारला. फणकारला खरा, पण फावडं घेऊनच आला होता. मंगळवारी पंचवीस माणसं झाली. बुधवारी चहाला साखर पुरली नाही.

गुरुवारी सकाळी इंदूबाईनं दार उघडलं आणि कल्पेशच्या गाडीवर बसून पाण्याच्या आधी आपल्या वावरात परत आली.

पाणी आलं. पुढं फेस, फेसापुढं वाळका पाला. इंदूबाईच्या वाफ्याशी येऊन ते काठीभोवती एकदा फिरलं आणि गव्हात शिरलं.

बाई पाण्यात पाय बुडवून उभी राहिली.

बाबा धुडकूच्या खांद्याला धरून बांधापर्यंत आले होते. कल्पेशनं पाटात उतरून काठी उपसली, चिखल धुतला, सदऱ्याला पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली.

“बाबा, तुमची काठी चार दिवस इथंच राहिली.”

बाबांनी हात पुढं केला नाही. ते वाफा भिजताना बघत होते...

“माझी?”